सरळ करंगळी

त्या घरात मुलगा जन्माला आला की आधी त्याची मूठ उघडून बघत. रंग, नाक, डोळे, कोणावर गेलाय या चौकशा नंतर. घरातलं मोठं माणूस बाळाला खिडकीच्या उजेडात न्यायचं, इवली इवली बोटं एकेक करून सोडवायचं आणि करंगळी निरखायचं. सरळ असली तर सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. शेवटच्या पेरापाशी ती आत, शेजारच्या बोटाकडे वळलेली असली, तर बाळाला परत आईच्या कुशीत ठेवायचं आणि बाहेर येऊन "मुलगा झाला" एवढंच सांगायचं.

थोरल्याच्या वेळी एवढंच सांगितलं होतं. चार वर्षांनी धाकटा झाला, तेव्हा बापानं म्हणे रस्त्यावर जाऊन भेटेल त्याचा हात हातात घेऊन हलवला. बाप तसा घुम्या माणूस. पण त्या दिवशी त्याचा आनंद त्याच्या पोटात मावला नसावा.

कारण असं की या घराण्यातल्या पुरुषांना एक आजार होता. घरात त्याला 'हात जाणं' म्हणत. पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास बोटं आपल्या आपण हलू लागायची, मालकाला न विचारता. मग चाल बिघडायची, मग जीभ जड व्हायची, मग स्वभाव फिरायचा, आणि दहा-बारा वर्षांत माणूस अंथरुणात हातपाय झाडत संपायचा. आजोबांचा हात गेला, बापाचा गेला, दोन्ही काकांचा गेला. चौघांची करंगळी वाकडी. आजोबांचा एक भाऊ मात्र सरळ करंगळीचा निघाला, तो ऐंशी वर्षं जगला आणि शेवटपर्यंत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत राहिला. आता याहून अधिक पुरावा शहाण्या माणसाला कशाला हवा? आणि हे घर स्वतःला फार शहाणं समजत असे.

त्यांचा धंदाच तसा होता. तीन पिढ्या चामड्याचे हातमोजे शिवत आलेले लोक. खाली कारखाना, वर घर. हातमोजेवाल्याला गिऱ्हाइकाचं सगळं माप घ्यावं लागत नाही. अंगठा सोडून पंजाभोवती फीत फिरवली की झालं. पंजाचा घेर कळला की बोटांची लांबी कळते, अंगठ्याची जाडी कळते, मनगट कळतं. पुठ्ठ्याचे साचे त्याच आकड्यानं लावून ठेवलेले असतात. हातात जे जे आहे ते सगळं एकमेकांचा हात धरूनच येतं, हे त्या घरात लहान मूल बोलायला लागायच्या आधी शिकत असे. कधीमधी एखादं गिऱ्हाईक यायचं, पंजा बेताचा आणि बोटं भलतीच लांब. त्याचे मोजे वेगळे कापून द्यायचे आणि विसरून जायचं. अशा हातांना ते 'आगाऊ हात' म्हणत आणि मोजणीत धरत नसत.

थोरल्याला कापणीच्या मेजावर कधी बसू दिलं नाही. कापणी म्हणजे या धंद्याचा राजा. ओलसर कातडं मेजाच्या कडेवर ताणायचं, ते किती देईल आणि कुठे अडेल हे तळव्याला कळलं पाहिजे, मग साचा ठेवून कात्री चालवायची. एक चूक झाली की कातडं वाया. थोरल्याची नजर अशी की कातड्याला हात न लावता तो सांगायचा, इथे जनावराला काटा लागला होता, इथून कापू नका. पण वाकड्या करंगळीच्या हातात कात्री द्यायची नाही, असा नियम होता. उद्या हात गेला तर शिकवलेलं सगळं पाण्यात. म्हणून सोळाव्या वर्षी त्याला पितळी हातांवर बसवलं. मेजावर ओळीनं उभे केलेले, आतून तापवलेले पितळेचे हात. त्यांच्यावर शिवून आलेला मोजा ओढायचा, सुरकुत्या मोडायच्या, काढायचा, दुसरा ओढायचा. सत्तावीस वर्षं तो हेच करत होता. बोटांच्या टोकांची कातडी भाजून भाजून गुळगुळीत झाली होती.

लग्नही झालं नाही. कोण देणार मुलगी? म्हणजे मागणारे आले असते, पण आईच म्हणायची, "दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात जाणूनबुजून धोंडा बांधायचा नाही." आई वाईट नव्हती. तिनं नवऱ्याला बारा वर्षं भरवलं, पुसलं, उचललं. तिला पुढचं दिसत होतं आणि त्याची ती आतापासून सवय करून घेत होती, इतकंच. थोरल्याच्या हातून चमचा पडला तर तिचं चावणं थांबायचं. ती वर बघायची नाही, नुसती थांबायची. थोरला चमचा उचलायचा, आणि जेवण पुढे सुरू व्हायचं.

रोज सकाळी तो खिडकीशी दोन्ही हात समोर धरून उभा राहायचा आणि शंभरापर्यंत मोजायचा. अडतिसाव्या वर्षी बापाचा हात गेला होता. थोरला चाळीस झाला, एक्केचाळीस झाला, त्रेचाळीस झाला. हात दगडासारखे स्थिर. कुणी त्याचं अभिनंदन केलं नाही. उशीर होतोय, एवढंच सगळ्यांना वाटलं.

धाकटा कापणीला होता, अर्थातच. सरळ करंगळीचा, देखणा, हसरा. लग्न झालेला, सहा वर्षांची मुलगी असलेला. मुलीची मूठ मात्र त्या घरात कुणी उघडून बघितली नव्हती. ती भानगड पुरुषांची, असं सगळे धरून चालले होते. दोघा भावांचं चांगलं होतं. धाकटा दिवसातून दहादा पितळी हातांपाशी यायचा, एखाद्या तापलेल्या हाताला खोटं खोटं नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "काय दादा, आज किती जणांशी हात मिळवला?" रोज तोच विनोद. थोरला रोज हसायचा.

गेल्या वर्षी धाकट्याचं काम बिघडायला लागलं. आधी एक कातडं तिरकं कापलं, मग दोन. शर्टाची बटणं चुकीची लावलेली. जिन्यावर दोनदा पडला. एकदा कामगारांसमोर आईवर इतका ओरडला की शिलाई मशीनं थांबली. बोलणं जरा अडखळायला लागलं. आई एका संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते."

तिनं वास घेतला. वास आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी सापडली आणि सगळ्यांना सगळं कळलं. "पोरीसाठी घेतल्यात," तो शपथेवर सांगत होता. पकडला गेलेला प्रत्येक दारुडा हेच सांगतो, असं आई म्हणाली. आणि नीट विचार केला तर तिचं काय चुकलं? माणूस झोकांड्या खातो, जीभ अडखळते, कारण नसताना भडकतो, आणि त्याची करंगळी तर सरळ आहे. मग दुसरं काय असणार?

थोरल्याला मात्र दिसलं होतं. ते त्यानं पुढे किती वेळा नाकारलं, तरी दिसलं होतं हे खरंच.

दुपारची सुट्टी होती. धाकटा खिडकीखाली स्टुलावर चहा पीत बसला होता. कप उजव्या हातात, डावा हात मांडीवर मोकळा. त्या हाताची बोटं हलत होती. थरथर नव्हे. एक बोट वर, मग दुसरं, मग मनगट जरासं वळून परत जागेवर, कुणीतरी आतून दोरे ओढत असावं तसं. धाकट्यानं खाली बघितलं. इकडेतिकडे बघितलं. आणि हात मांडीखाली सरकवून त्याच्यावर बसला.

बाप असाच हातावर बसायचा. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा होता. बाप जेवायला बसला की डावा हात मांडीखाली, पाहुणे आले की डावा हात मांडीखाली. अख्ख्या घरात ते ओळखू शकतील अशी दोनच माणसं उरली होती, आई आणि तो. आई त्या वेळी वर होती.

थोरल्याच्या हातातला मोजा तापलेल्या पितळेवर तसाच राहिला आणि त्याला कातडं करपल्याचा वास आला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझं नाही, त्याचं. जणू त्या घरात एकाच माणसापुरता आजार शिल्लक होता आणि तो दुसऱ्याच्या वाट्याला गेला. त्या विचारानं त्याच्या छातीवरचं सत्तावीस वर्षांचं ओझं असं काही हललं, की त्याला स्वतःची किळस आली. लगेच दुसरा विचार आला. छे, करंगळी सरळ आहे त्याची. होऊच शकत नाही. ज्या नियमानं त्याला जन्मभर कोपऱ्यात बसवलं, त्या नियमाचा त्याला आज पहिल्यांदा उपयोग झाला. करपलेला मोजा त्यानं टाकून दिला आणि नवा ओढला.

पुढच्या महिन्यात एका मोठ्या दुकानानं अख्खा माल परत पाठवला. चाळीस जोड, सगळ्यांचे अंगठे फिरलेले. आईनं कारखान्याचा दरवाजा लावून घेतला. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन जिन्यात.

"आजपासून तू मेजावर बसायचं नाहीस," आई म्हणाली. "कात्री ठेव खाली."

"आई, मी पीत नाही गं. थेंबसुद्धा नाही. माझं मलाच कळत नाही काय होतंय ते."

"मेजावर कोण बसणार मग?" जिन्यातून त्याच्या बायकोनं विचारलं.

आईनं थोरल्याकडे बघितलं. या घरात तिनं त्याच्याकडे पहिल्यांदाच असं बघितलं, त्याच्याकडून काही हवं असल्यासारखं. "हा बसेल. त्रेचाळीस झाला, अजून हात चांगलाय. जेवढी वर्षं मिळतील तेवढी." मग तिनं विचारलं, "तू दिवसभर समोर असतोस याच्या. तू सांग. पितो का हा?"

धाकटाही त्याच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू होतं. दादा सांगेल आता, असं त्याला वाटलं होतं.

मेजावर कात्री पडली होती. तिच्या मुठीला तीन पिढ्यांच्या हातांची झिलई होती. थोरला म्हणाला, "पीत असेल."

दोन शब्द. त्यांच्यावर धाकट्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आणि धाकट्याला दारू सोडवण्याच्या केंद्रात पाठवलं. जाताना तो भांडला नाही. जिन्यात ठेच लागून पडला, तर आई म्हणाली, "बघा, सकाळीच."

थोरला मेजावर बसला. इथे खोटं सांगण्यात अर्थ नाही: ते तीन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. कातडं तळव्याखाली जिवंत वाटायचं. कामगार बघायला थांबायचे. परत आलेल्या मालाच्या जागी त्यानं पुन्हा चाळीस जोड कापले आणि त्या दुकानातून शाबासकीचं पत्र आलं. आई त्याच्या ताटात वाढताना पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघू लागली. आणि रोज दुपारी सुट्टी झाली की खिडकीखालचं रिकामं स्टूल त्याच्या नजरेला पडायचं. एक दिवस त्यानं ते उचलून माळ्यावर टाकलं.

मग केंद्रातून फोन आला. फोन घरी आला तेव्हा आई बाहेर होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या भावाच्या अंगात दारूचा अंश नाही. आला तेव्हाही नव्हता. इतके दिवस इथे आहे, आणि त्याचं चालणं दिवसेंदिवस बिघडतंय. आमच्याकडचं हे काम नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर पन्नाशीची, बारीक आवाजाची बाई होती. तिनं धाकट्याला बोटं एकमेकांना लावायला सांगितली, एका रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. जीभ बाहेर राहत नव्हती, आत पळत होती. मग घरात आधी कुणाला होतं हे विचारलं. थोरल्यानं एकेक सांगितलं. सांगता सांगता न राहवून म्हणाला, "पण डॉक्टर, याची करंगळी सरळ आहे. वाकडी माझी आहे. व्हायला हवं ते मला."

तिला कळेना. त्यानं सगळं समजावलं, चौघांचं, आजोबांच्या भावाचं, मुठी उघडून बघण्याचं. ऐकून झाल्यावर तिनं स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. तिची करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली होती.

"माझी आईकडून आलीय," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळे म्हातारे होऊन मरतात. हे बघा, बापाकडून मुलाला एकच गाठोडं मिळत नाही. बोटाची चिठ्ठी एका डब्यातून निघते, या आजाराची दुसऱ्या डब्यातून. दोन्ही वेळा नव्यानं. कधी कधी दोन चिठ्ठ्या एकाच डब्यात जवळजवळ असतात, बरेचदा बरोबर निघतात. या दोघींचं तसं काही नाही."

"मग चौघांना दोन्ही कसं आलं?"

"चौघंच होते म्हणून. चाळीस असते तर तुम्हाला सगळ्या तऱ्हा दिसल्या असत्या. कुणाला बोट आणि आजार, कुणाला नुसतं बोट, कुणाला नुसता आजार."

थोरल्याला आगाऊ हात आठवले. वेगळे कापून दिलेले, मोजणीत न धरलेले. किती असतील? त्यानं कधी मोजलेच नव्हते.

दोघांचं रक्त घेतलं. निकालाला पाच आठवडे लागले. त्या सकाळी आईनं थोरल्याचा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला आणि दारात त्याच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरचं म्हणणं त्यानं तिला सांगितलं होतं, पण ते तिच्या कानावरून गेलं होतं. "तुझं काय यायचं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "धीर धर. मी आहे तुला करायला." धाकट्याशी ती बोलली नाही.

डॉक्टरनं आधी थोरल्याला विचारलं, एकेकट्यानं ऐकायचंय का. धाकटा म्हणाला, "बरोबरच सांगा." शब्द एकमेकांत अडकून आले. ती म्हणाली, थोरल्याला हा आजार नाही आणि कधी होणारही नाही. धाकट्याला आहे. या आजारावर औषध नाही, त्रास थोडा कमी करायची औषधं आहेत. मुलगी मोठी झाल्यावर तपासणी करायची की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं. मुलींनाही होतो.

मुलींनाही म्हटल्यावर धाकट्यानं डोळे मिटले. त्याचे पाय खुर्चीखाली जमिनीवर घासत होते. मग त्यानं विचारलं, "म्हणजे दारू नाही ना?"

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

"लिहून द्याल?"

डॉक्टरनं थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं जमिनीकडे. तिनं दवाखान्याच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, की यांचं चालणं, बोलणं आणि स्वभाव यांतले बदल आजारामुळे आहेत, व्यसनामुळे नाहीत. सही केली, शिक्का मारला. धाकट्यानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि वाचून हसला. त्रेचाळीस वर्षांच्या थोरल्याला आज आयुष्य परत मिळालं होतं, आणि त्या खोलीत आनंद झाला होता तो त्याच्या भावाला.

बाहेर लांबलचक बोळात बाक होते. धाकटा दोन पावलं भिंत धरून चालला आणि बसला. थोरला शेजारी बसला. समोरून एक बाई फरशी पुसत येत होती, तिनं दोघांना पाय वर घ्यायला सांगितलं. थोरल्यानं घेतले. धाकट्याला जमेना, तेव्हा ती त्याच्या पायांभोवतीनं पुसून गेली.

"दादा," धाकटा म्हणाला. "बाबांचं सुरू झालं तेव्हाचं मला काही आठवत नाही. मी लहान होतो. तुला आठवतं."

"हो."

"मग तुला कळलं नाही? माझं बघून?"

नाही म्हणता आलं असतं. कुणी पडताळून बघणार नव्हतं. नियमावर ढकलता आलं असतं, करंगळीवर, आईवर, आजोबांवर, सगळ्या शहाण्या घरावर. थोरला म्हणाला, "कळलं होतं. माल परत यायच्या आधीच. तू हातावर बसला होतास."

धाकटा ओरडला नाही. हल्ली तो कशावरही ओरडायचा, पाणी गरम झालं म्हणून, दार वाजलं म्हणून. यावर ओरडला नाही. कागदाची घडी घालायचा प्रयत्न करत राहिला. कडा जुळेनात. थोरल्यानं मदतीला हात पुढे केला, तर त्यानं कागद छातीशी ओढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला लागला. चौथ्या खेपेला कशीतरी वेडीवाकडी घडी झाली. ती त्यानं हातात धरली, बघितली आणि थोरल्याच्या मांडीवर ठेवली.

"आईला तू वाचून दाखव," तो म्हणाला. प्रत्येक शब्द तो सावकाश, जपून उच्चारत होता, तरीही अडखळत होता. "मी सांगायला गेलो, तर म्हणेल, आज परत पिऊन आला."